पेटी माझ्याकडे, किल्ली तिच्याकडे

१

आमच्या शांतीबाईची वागणूक कोणाला सांगावी? नात्यानं माझी चुलतजाऊ, दहा वर्षांनी धाकटी, घर एक भिंत सोडून पलीकडे. पण दिवेलागणीला मी अगदी तिच्या अंगावरून गेले तरी ओळख म्हणून देणार नाही. मान ताठ, नजर समोर, जशी मी गल्लीत सोडून दिलेली बैलगाडी. एकदा मीच बोलले, "काय वं शांतीबाई, सयपाक व्हयना का?" तर दचकली, "हां, हां" म्हणाली आणि भिंतीला हात घाशीत घरात शिरली, नव्या नवरीसारखी. सकाळी विहिरीवर मात्र तीच बाई तोंडभर बोलणार. सकाळी गरज अन् संध्याकाळी माज, असं मी दोन वर्षं गल्लीत सांगत होते.

पैका होता, पण अक्कल? पन्नास बिघे काळी जमीन, आणि लुगडी वाळत घालायची दोरी बांधलेली कमरेएवढ्या उंचीवर, स्वयंपाकघराच्या दारापासून थेट गोठ्यापर्यंत. पदर चिखलात लोळायचे. "उंच बांध की," म्हटलं, तर म्हणे, "ऱ्हाऊ द्या जिजी, मन्हा हात पुरत नही." माझ्यापेक्षा वीतभर उंच बाई!

तरीही पशाच्या पेटीची किल्ली मी तिच्याकडेच ठेवली होती. नवरा वारल्यावर तिनं शेत एकटीनं राखलं, कोणाच्या काडीला हात लावला नाही. माज वेगळा आणि हात वेगळा.

पसा म्हणजे काय ते सांगते. महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. आमचं गाव तापीकाठी, प्रकाशा गावाच्या वरच्या अंगाला. शहाद्याहून दर बुधवारी डॉक्टरीणबाई यायच्या आणि माझ्या ओट्यावर बसून बायका तपासायच्या. कोणाचं रक्त पाण्यासारखं, कोणाच्या तोंडाचे कोपरे चिरलेले, कोणाला दिवस मावळला की पुढचं ताट दिसेना. बाई चिठ्ठी लिहायच्या, शक्तीच्या लाल गोळ्या, रोज एक. आणि ती चिठ्ठी पदराच्या गाठीत विरून जायची. गोळ्यांना पैसे पडतात, आणि बाईच्या दुखण्याला घरात पैसा कधीच नसतो. बैल लंगडला तर मात्र नंदुरबारपर्यंत नेतील.

मग मी चाल पाडली. कापसाची वेचणी चालू असेल तितके दिवस प्रत्येक घरानं रोज एक पसा कापूस, म्हणजे दोन्ही हातांची ओंजळ भरून, माझ्या पडवीत टाकायचा. शांतीबाई पसा नाही, टोपली टाकायची. तो कापूस विकला की दवाखान्यातून गोळ्यांची मोठी बाटली यायची. जिच्याजवळ चिठ्ठी तिला सोमवारी आठवड्याच्या सात गोळ्या, फुकट. घरची सून असो की शेतावरची मजूर.

पेटी माझ्या घरी, किल्ली शांतीबाईच्या कमरेला. एकीच्या मनात पाप आलं तरी दुसरीशिवाय उघडायचं नाही. आणि वाटप उघड्या ओट्यावर, दहाजणींसमोर, नाव मोठ्यानं पुकारून. चोरून दिलं की चोरून खातात, हा माझा नियम. मला त्या नियमाचा फार ताठा होता.

भादव्यातल्या एका सोमवारी शांतीबाईनं किल्ली फिरवली, मी झाकण उचललं, आणि बाटलीच्या गळ्याशी मुंग्यांची रांग दिसली.

औषधाला मुंग्या? मी एक गोळी काढून दाताखाली फोडली.

आत बडीशेप होती.

२

सगळी बाटली पोरांच्या खाऊनं भरलेली. प्रेमचंद वाण्याच्या दुकानात बरणीत असतात त्या लाल साखरेच्या गोळ्या. वरून तशाच गोल, तशाच लाल. तपकिरी काचेतून तर कोणाच्या बापाला ओळखू येणार नाहीत.

माझी सून मीनाबाई खांबाला टेकून बसली होती. सातवा महिना. आषाढात तिला दिवेलागणीनंतर काही दिसत नव्हतं, म्हणून तिची पहिली चिठ्ठी. गोळी ती नाक दाबून, न चावता पाण्यासंगे गिळायची. श्रावणात बरं वाटायला लागलं, संधिप्रकाशात तांदळातले खडे वेचायची. आणि आता परत आठ दिवस झाले, संध्याकाळी वरण ताटाच्या बाहेर वाढत होती. मी तिला म्हणत होते, लक्ष कुठं असतं तुझं!

माझा मुलगा उखा, मीनाबाईचा नवरा, डोक्यानं तापट. त्यानं ओट्यावरच आवाज चढवला. "आपला घरमां रोज कोन येस? कोन झाडू मारस, दळन करस? सुसाना!"

सुसाना आमच्या सालदाराची, दलपतची बायको. विसरवाडीच्या पलीकडच्या डोंगरातली. दरवर्षी आमच्याकडे साल धरायचे, वर्षभराच्या बोलीनं राबायचे. तीही पोटुशी, पाचवा महिना, तीही चिठ्ठीवाली. ती पदर तोंडाशी धरून जोत्याखाली उभी होती.

मी विचारलं, "सुसाना, गोळ्या तू बी खाती व्हतीस. तुले चव कशी लागनी?"

"गोड लागे, पाटलीन. पैल्या गोळ्याले घान वास ये. कानबाईना सनना बाद वास बी नही."

"मंग बोलनी काब्र नही?"

ती खाली बघून म्हणाली, "माले वाटनं, मजूरले आशाच देतस."

दहा बायका बसल्या होत्या, एकीनंही वर पाहिलं नाही. मीही नाही.

उखाला मात्र तेवढंच हवं होतं. "ऐकनं? हिले माहीत व्हतं! माहीत व्हतं आनि चूप बसनी. हिनीच बदल्या, आनि गावकडे जाईसन बाजारमां इकी टाक्या. माय, येता सोमवारलोंग कबूल करनं ते ठीक. नही ते दलपतनं साल तोडसू, आनि दोन्हीसले पोलीस पाटलाकडे देसू."

साल तोडणं म्हणजे नुसतं काम जाणं नाही. चोर म्हणून साल तुटलेल्या गड्याला तापीकाठी कोणी दारात उभं करत नाही, अन् ती बातमी त्याच्या आधी विसरवाडीला पोचते.

सुसाना रडली नाही. एवढंच म्हणाली, "पाटलीन, हाई पोट मी जठे लई जासू, तठे त्याले चोरना पोर कहतीन."

शांतीबाई माझ्या शेजारी बसली होती. किल्ली तिच्या हातात. ती तिनं परत कमरेला लावली.

घर माझं, ओटा माझा, पेटी माझी. चोरी माझ्या नाकाखाली झाली. आणि माझ्याजवळ सात दिवस होते.

३

बुधवारी डॉक्टरीणबाई आल्या. संगे रतिलाल कंपाउंडर. डोक्याला चमेलीचं तेल, तोंडात पान, आणि औषधापेक्षा बोलणं जास्त. बाटली तोच आणायचा, म्हणून मी त्यालाच आधी धरलं.

"रतिलाल, पाप वाटेत झालं की काय?"

"जिजी, देवाची आण!" पान थुंकून तो हात जोडायला लागला. "लाखेची मोहर तुम्ही स्वतः फोडली ना? सुरीनं! माझ्या बोटाला लागली, आठवत नाही?"

आठवत होतं. आणि पहिले पाच आठवडे गोळ्या खऱ्याच होत्या, नाहीतर मीनाबाई श्रावणात खडे कशी वेचती? म्हणजे बाटली माझ्या घरात आली ती खरी आली. अदलाबदल झाली ती घरातच झाली. रतिलाल सुटला. सुटल्यावर त्यानं चहा मागितला, तो मी दिला नाही.

डॉक्टरीणबाईंनी माझीच हजेरी घेतली. त्या पुण्याकडच्या, बोलणं पुस्तकातलं. "जसोदाबाई, तुम्ही स्वतःच्या हातानं वाटता. खऱ्या गोळीला कसा उग्र वास असतो! तुम्हाला कळलं नाही?"

काय सांगणार? वीस वर्षं तपकीर ओढलेलं नाक माझं. जळलेलं दूध कळत नाही, तिथं गोळी काय कळेल.

मी विचारलं, "बाई, या गोळीत असतं तरी काय? ज्याला काही झालं नाही त्यानं खाल्ली तर?"

"जेवणात जे कमी पडतं ते असतं. डोळ्याचं, रक्ताचं, कातडीचं खाणं म्हणा. ज्याला कमी नाही त्याला ती मातीमोल. म्हणून तर मी तपासून चिठ्ठी देते. पण ज्याला कमी आहे त्यानं खाल्ली तर लपत नाही. जिथं उणं होतं तिथं भरून येतं, चार लोकांना दिसतं."

हे वाक्य मी पदराला गाठ मारून ठेवलं.

मग त्यांनी सुसानाला तपासलं. तोंडाचे कोपरे परत चिरलेले, जीभ कच्च्या मांसासारखी. श्रावणात तिचं हे सगळं बरं झालं होतं, मी पाहिलं होतं. मी उखाला हाक मारून दाखवलं. "दख. चोरीसन खाती ते तोंड आशं ऱ्हातं का?"

"खाद्या नही. इक्या!"

"कोणाले? चिठ्ठी नही, बाटली नही, मोकळ्या लाल गोळ्या. कोन ली?"

तो पाय आपटत गेला. तापट माणसाला उत्तर सुचलं नाही की पाय सुचतात.

तिथून मी प्रेमचंदच्या दुकानात. तो गुळाच्या भेलीवर बसल्यासारखा गादीवर बसतो, उठत नाही.

"त्या बडीशेपच्या गोळ्या कोणी नेल्या रे?"

"कानबाईच्या वेळेला ना, जिजी? सगळ्या गावानं. बरणी शेवटी शांतीबाईनं रिकामी केली. गल्लीतल्या पोरांना वाटायला."

ते खरं होतं. यंदा कानबाईला तिनं ओंजळीनं गोळ्या वाटल्या होत्या. माझ्या नातवंडांचे खिसे भरले, अजून उशाखाली चिकटलेल्या सापडतात. म्हणजे खाऊ घरोघरी होता. त्या वाटेनं जाऊन उपयोग नव्हता.

घरी परत येताना दिवस बुडाला होता. पलीकडून शांतीबाईनं लांबूनच हाक दिली, "जिजी, पाय जपा! वाटवर गारा शे." चिखल होता खरा. मी काठानं गेले. मागच्या पंधरवड्यापासून ती अशीच माणसात आली होती. संध्याकाळी दिसली की पदर डोक्यावर घेणार, "या, बसा" म्हणणार. मला बरं वाटलं होतं. म्हटलं, पोरीचं लग्न जमायला आलं की भल्याभल्यांचा माज उतरतो. तिची सुगंधा तळोद्याकडच्या घरी द्यायची चालली होती. सोयरे नवरात्रात बघायला येणार होते.

घरी पोचले, पाय धुवायला तांब्या उचलला, आणि हात तसाच थांबला.

चिखल माझ्या पायापुढे वीतभर होता. तो मला दिसला नाही. तिला वीस पावलांवरून दिसला.

४

त्या संध्याकाळी मी जेवले नाही. सगळ्यांना वाटलं, जिजीचा उपास.

मी उलटा हिशेब मांडला. पेटी उघडायला दोन गोष्टी लागतात. पेटीजवळ एकटं बसायला मिळणं, आणि किल्ली. सुसानाजवळ पहिली होती, दुसरी नव्हती. ते कुलूप मी स्वतः खिळ्यानं, सुईनं, केसाच्या काट्यानं उघडून बघितलं. दाद देईना. शांतीबाईजवळ दुसरी होती, पहिली नव्हती. ती माझ्या घरी यायची ती सोमवारी, आणि तेव्हा ओटा बायकांनी भरलेला.

एकदाही एकटी नव्हती?

गोळ्या गोड कधीपासून लागल्या? सुसाना म्हणाली, कानबाईनंतर.

आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते. वर्षभर तोंड न बघणारे भाऊबंद त्या दिवशी एका घरात रोट खातात. यंदा कानबाई माझ्या घरी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला डोक्यावर घेऊन, वाजतगाजत तापीवर पोचवायचं. सगळं घर जातं, गडी-मजूरही जातात. कानबाई डोक्यावर घ्यायला सवाशीण लागते. आणि मागं चौरंगाजवळचा दिवा विझू नये म्हणून एकीनं बसायचं असतं. ती नेहमी विधवा असते. हे कोणी ठरवत नाही, कोणी बोलत नाही. म्हणून तर कोणाच्या लक्षात राहत नाही.

यंदा मीच म्हटलं होतं, चालता चालता, मागे वळूनसुद्धा न बघता, "शांतीबाई, तू बठ दिवाजोडे."

पेटी माझ्याकडे, किल्ली तिच्याकडे, आणि त्या सकाळी दोन्ही तिच्याकडे.

पण का? टोपलीभर कापूस टाकणारी बाई ओंजळभर गोळ्या का चोरेल? रविवारी दुपारी मी काहीतरी निमित्त काढून तिच्या अंगणात गेले. अंगण मोकळं वाटलं. काय बदललं ते लगेच ध्यानात येईना. मग दिसलं. ती कमरेएवढी दोरी गेली होती. दाराच्या चौकटीवर आणि गोठ्याच्या मेढीवर नुसता घासल्याचा गुळगुळीत चट्टा राहिला होता. लुगड्याच्या दोरीनं लाकूड असं घासत नाही. माणसानं धरून, ओढून, रोज त्याच वेळी चाललं तर घासतं.

मी तिच्या पायांकडे पाहिलं. अंगठ्याचं नख काळं पडून नवं येत होतं. नडगीवर जुने वण, एकावर एक. नवा एकही नाही.

आता एकच बघायचं होतं. दिवेलागणीला मी उखाची काळी घोंगडी डोक्यावरून घेतली आणि तिच्या गोठ्याच्या काळ्या भिंतीला टेकून उभी राहिले. बोलले नाही, खोकले नाही, तपकीरसुद्धा ओढली नाही. घरात अजून दिवा लागला नव्हता. शांतीबाई दुधाची चरवी घेऊन दारातून निघाली. वाटेत उपडी पाटी होती. तिनं न बघितल्यासारखं पाऊल उचललं आणि पाटीला वळसा घातला. मग थबकली.

"कोन? जिजी? घोंगडी लीसन आठे काब्र उभ्या?"

मी घोंगडी खाली घेतली. ती माझ्याकडे बघत होती. मी तिच्या डोळ्यांकडे बघत होते. तिनं चरवी खाली ठेवली.

मी एवढंच म्हणाले, "सकाळे किल्ली लई ये."

५

सोमवारी ओटा भरला. डॉक्टरीणबाईंना मी मुद्दाम निरोप धाडून बोलावलं होतं. त्यांना आमची बोली पुरती समजत नाही, म्हणून मी सगळ्यांसमोर शाळेच्या भाषेत बोलले. शिवाय नंतर कोणी म्हणायला नको, जिजी भलतंच बोलली. उखा खांबाला टेकून, हाताची घडी घालून. पोलीस पाटील बाजेवर. दलपत अन् सुसाना खाली, गाठोडं बांधून तयार. त्यांचा निकाल त्यांनी स्वतःच लावून ठेवला होता.

मी उभी राहिले. "गोळ्या कोणी घेतल्या हे मला कळलंय. आधी ज्यांनी घेतल्या नाहीत त्यांचं सांगते. रतिलालनं नाहीत. मोहर मी फोडली, आणि पाच आठवडे माझी सून त्याच बाटलीनं बरी होत होती. सुसानानं नाहीत. कुलूप किल्लीशिवाय उघडत नाही, ज्याला वाटतं त्यानं येऊन बघावं. आणि तिचं तोंड बघा. तिच्या वाट्याला साखर आली म्हणून ते चिरलंय. ज्यानं ही गोळी खाल्ली त्याच्या अंगावर ती दिसते, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. मग मी चोर शोधायचं सोडलं. कानबाईनंतर गावात बरं कोण झालं, ते शोधलं."

कोणीतरी म्हणालं, "मंग कोन?"

"सापडलं. जे आधी दिवस मावळला की मला ओळखत नव्हतं, ते आता वीस पावलांवरून हाक मारतं. मी दोन वर्षं त्याला माज म्हणाले. तो माज नव्हता. नाव मी घेत नाही. ज्याचं आहे त्यानं घ्यावं. सुसानाचं गाठोडं उचललं जायच्या आत."

उखा मान वळवून एकेकीकडे बघत होता. दलपत वाकला. त्यानं गाठोड्याला हात घातला.

"ऱ्हाऊ दे, दलपत."

शांतीबाई उठली. कमरेची पिशवी सोडली आणि माझ्यासमोर ओतली. लाल गोळ्या, उरलेल्या. तो वास माझ्या नाकालासुद्धा आला.

"मी लीन्या," ती म्हणाली. "दोन वरीसपासून माले रातांधळं. सुगंधाना सोयरा संध्याकाळले येतस, चहानी बशी माले दिसती नही. मायले रातांधळं ते पोरले बी व्हयी, आशे लोक कहतस. चिठ्ठी लेवाले आठेच बठनं पडतं. जिजी नाव पुकारती. टोपलीभर देनारीनं नाव! दुकानमां गोळ्या दिसन्या, आनि मनमां पाप उनं. दररोज दोन-दोन खाद्या."

"दोन?" डॉक्टरीणबाई उठल्याच. "चिठ्ठीशिवाय? अहो, जास्त झालं तर तेही बाधतं. आणि हे रक्तात नसतं, आईकडून मुलीला जात नाही. खाण्यात कमी पडतं, एवढंच."

"चोट्टी!" उखा पुढे आला. "माय, पाटील बठेल शे..."

"तू मागं हो," मी म्हटलं. "आठ दिवस चुकीच्या बाईवर ओरडलास, आता गप्प बसायचं शिक. सुसानाशी तुझंही बोलणं बाकी आहे. ते मी आत गेल्यावर कर, माझ्यासमोर नको, नाहीतर माझ्या भीतीनं करशील."

मग मी शांतीबाईसमोर जाऊन उभी राहिले. ती माझ्यापेक्षा वीतभर उंच. मला वर बघून बोलावं लागलं.

"शांतीबाई, ऐक. गोळ्या घेतल्यास, त्यातला अर्धा दोष माझा. नाव पुकारायची चाल मी पाडली. देणाऱ्या बाईला कधी मागावं लागेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. विधवेला दिव्यापाशी बसवून मी मागे न बघता निघून गेले, तेही माझं. आजपासून नाव पुकारलं जाणार नाही, पुडी ज्याच्या त्याच्या घरी जाईल. तुझी चिठ्ठी डॉक्टरीणबाई आत्ता लिहितील, रोज एक, दोन नाही. तुझ्या सोयऱ्यांकडे मी स्वतः जाईन, बाईंना घेऊन. सांगेन, आमच्या शांतीबाईच्या डोळ्यांना भूक लागली होती, आता भागली. त्यावर त्यांनी सोयरीक मोडली तर ते घर सुगंधाच्या लायकीचं नव्हतं. पण सुसाना आठ दिवस या गावात चोर म्हणून फिरली, आणि तू किल्ली कमरेला लावून बघत राहिलीस. माझ्या सुनेच्या पोटातलं पोर साखरेवर राहिलं, तेही तू बघितलंस. हे सगळं तुझं. यातला गव्हाचा दाणासुद्धा मी माझ्या पदरात घेणार नाही. दिसत नव्हतं तोवर तुला माफी होती. दिसायला लागल्यावर तू तोंड फिरवलंस. तिच्या पाया पडू नकोस, ते सोपं असतं. तिचं बाळंतपण तुझ्या घरात होईल, तुझ्या चुलीवर, तुझ्या हातानं. गोळ्यांची पुडी दर सोमवारी तू तिच्या झोपडीवर नेऊन देशील, दिवेलागणीला, पायी. आणि ती किल्ली काढ कमरेची. मला नको देऊस. सुसानाला दे. आजपासून पेटी तिच्याशिवाय उघडणार नाही. दिलीस? आते आखरीनं ऐक. दिवेलागनले मी समोरथून उनू ते मान खाले घालू नको. वळख दे."